दारावर कोण आलं होतं, ते आधी शोधा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. २०२१ मध्ये आयर्विंगच्या अपार्टमेंटमधून मी हातमागाच्या साड्या आणि ड्रेस मटेरियल विकायला सुरुवात केली. माल माझा भाऊ पुण्याहून पाठवतो. मिस्टरांच्या मित्राने सांगितलं, कंपनी डेलावेअर राज्यात काढा, तिथे टॅक्स लागत नाही. म्हणून एका वेबसाइटवरून डेलावेअरची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली. त्यात रजिस्टर्ड एजंट, म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी आणि कोर्टाचे कागद घेणारा, पहिलं वर्ष फुकट होता. नंतर आमच्या सीपीएंच्या, म्हणजे हिशेब-टॅक्स पाहणाऱ्या अकाउंटंटच्या, सांगण्यावरून टेक्सासमध्येही नोंदणी केली. तिथे एजंट म्हणून माझंच नाव आणि आयर्विंगचा पत्ता दिला. २०२३ मध्ये आम्ही फ्रिस्कोला घर घेतलं.

आता डेलावेअरच्या एजंटची ईमेल आली आहे की थकलेली फी भरा, नाहीतर आम्ही राजीनामा देऊ. त्याच आठवड्यात सरकारी दिसणारं एक पत्र आलं, तेही पैसे मागतं. माझे प्रश्न असे: हा एजंट खरंच लागतो का? माझा मावसभाऊ डेलावेअरमध्येच, विल्मिंग्टनला असतो, त्याचं नाव घातलं तर फी वाचेल का? आणि टेक्सासच्या नोंदीत घरचा पत्ता घातला तर तो सगळ्यांना दिसेल, ते टाळता येईल का?

जाता जाता, आयर्विंगच्या जुन्या शेजारीण परवा मंदिरात भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या नावाचे कागद घेऊन एक माणूस दोनदा येऊन गेला. कॅरलटनचं गोडाऊन आम्ही लीज संपायच्या चार महिने आधी सोडलं होतं आणि मालक बारा हजार डॉलर मागत होता. त्याचंच काही असेल का?

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, 'जाता जाता' म्हणून लिहिलीत. मी सुरुवात तिथूनच करते. डेलावेअरची फी, मावसभाऊ, घरचा पत्ता हे सगळं दोन दिवस थांबू शकतं. तो माणूस थांबणार नाही.

हातात कागद घेऊन, नाव विचारत, एकाच दारावर दोनदा येणारा माणूस बहुतेक वेळा समन्स बजावणारा असतो. आपल्याकडे कोर्टाचा बेलिफ येतो तसाच, फक्त इथे हे काम खासगी माणसंही करतात. तो आयर्विंगला गेला, कारण टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे राज्याच्या कंपनी-नोंदणी कार्यालयाकडे, तुमच्या कंपनीचा पत्ता आजही आयर्विंगचाच आहे. त्याची काही चूक नाही. कायद्याने जिथे जायला सांगितलं तिथे तो गेला.

म्हणून हे पत्र वाचून झालं की लगेच कंपनीचं नाव, नोंदणीत आहे तसं, अक्षर न् अक्षर तेच, कोर्टाच्या नोंदींमध्ये शोधा. कॅरलटन गाव डॅलस, डेंटन आणि कॉलिन अशा तीन काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पसरलेलं आहे, त्यामुळे गोडाऊन नेमकं कुठल्या काउंटीत होतं ते लीजवरून पाहा आणि शंका असेल तर तिन्हीकडे शोधा. रक्कम बारा हजार असेल तर दावा जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या कोर्टात, असण्याची शक्यता मोठी, कारण तिथे २० हजार डॉलरपर्यंतचे दावे चालतात. ही कोर्टं प्रिसिंक्टप्रमाणे, म्हणजे काउंटीच्या विभागांप्रमाणे, वाटलेली असतात. संकेतस्थळावर नाव सापडलं नाही तर क्लार्कला फोन करून विचारा, ते सांगतात. आणि तुमचं स्वतःचं नावही शोधा. लहान धंद्याला जागा देताना मालक बहुधा लीजवर वैयक्तिक हमीची सही घेतात. तशी घेतली असेल तर दावा कंपनीवर आणि तुमच्यावर, दोघांवर असू शकतो.

केस सापडली, तर पुढचा हिशेब दिवसांचा आहे. जस्टिस कोर्टात समन्स बजावल्यापासून १४ व्या दिवसाच्या आत उत्तर द्यावं लागतं. काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट कोर्टातला नियम वेगळा, नव्या माणसाला चमत्कारिक वाटेल असा: बजावणीनंतर वीस दिवस पूर्ण झाले की त्यापुढचा जो सोमवार येतो, त्या सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंत. दहा म्हणजे दहाच. त्या वेळेत तुमचं उत्तर कोर्टात नसेल तर समोरच्याला एकतर्फी निकाल मागता येतो. जस्टिस कोर्टात कंपनीच्या वतीने मालक स्वतः उभा राहू शकतो, वकील असलाच पाहिजे असं नाही. वरच्या कोर्टांत मात्र एलएलसीसाठी वकील हवा.

आता तुमच्या मनात येईल, कागद माझ्या हातात पडलेच नाहीत, मग बजावणी झालीच कशी? हा प्रश्न मला गेल्या वीस वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचं उत्तर जरा सविस्तर देते. मी वकील नाही. लहान धंद्यांचे हिशेब आणि सरकारी कागद सांभाळणं हे माझं काम. पण या एका गैरसमजापायी लोकांचं जितकं नुकसान होताना पाहिलं, तितकं टॅक्सच्या चुकांनीही होत नाही.

कंपनी म्हणजे माणूस नव्हे. तिला हात नाहीत, घर नाही. तिच्यावर दावा करायचा तर कागद द्यायचे कुणाच्या हातात? म्हणून अमेरिकेतलं बहुतेक प्रत्येक राज्य कंपनीला सारखंच सांगतं: आमच्या राज्यात धंदा करायचा असेल, तर आमच्याच राज्यातला एक खरा रस्त्यावरचा पत्ता आणि त्या पत्त्यावर कामाच्या वेळात असणारा एक माणूस किंवा संस्था नेमा. त्याच्या हातात कागद पडले म्हणजे तुमच्या हातात पडले. टेक्सासमध्ये याला रजिस्टर्ड एजंट म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये रेसिडेंट एजंट, ओहायोमध्ये स्टॅच्युटरी एजंट. न्यूयॉर्कमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट हाच कंपनीचा एजंट मानला जातो आणि वेगळा नेमणं ऐच्छिक आहे. नावं निराळी, काम एकच. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, लागतो, आणि तुम्हाला दोन लागतात. एक डेलावेअरला, कारण कंपनी तिथे जन्मली. एक टेक्सासला, कारण धंदा इथे चालतो.

आता गाठ इथे आहे. हा एजंट नोंदवलेल्या पत्त्यावर वाजवी प्रयत्न करूनही सापडला नाही, तर टेक्सासचा कायदा तुमच्या विरोधकाला दुसरं दार उघडून देतो. तो राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे कागद देऊ शकतो. सेक्रेटरी ऑफ स्टेट ते तुमच्या नोंदीतल्या शेवटच्या पत्त्यावर सर्टिफाइड मेलने पाठवतात, म्हणजे आपलं रजिस्टर एडी म्हणा. ते पाकीट आयर्विंगला जाईल, नवा भाडेकरू घेणार नाही, पाकीट परत जाईल. आणि तरीही बजावणी झाली असं धरलं जाईल. सेक्रेटरी ऑफ स्टेट एक दाखला देतात, की आम्हाला कागद मिळाले आणि आम्ही ते पाठवले. २००४ साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने कॅम्पस इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या खटल्यात हेच सांगितलं: असा दाखला बजावणीचा पुरावा म्हणून पुरेसा आहे, आणि पत्ते अद्ययावत ठेवणं हे कंपनीचं कर्तव्य होतं. घड्याळ ऑस्टिनमध्ये सुरू होतं, तुमच्या फ्रिस्कोच्या घरात ते ऐकूही येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या लोकांत अजून एक समज खोल रुतलेला आहे: कागद घेतलाच नाही, दार उघडलंच नाही, तर केस उभी राहत नाही. गावाकडे बेलिफ आला की 'मालक घरी नाहीत' म्हणायची सवय असते, ती इथेही आली आहे. गावाकडेही बेलिफ शेवटी समन्स दारावर चिकटवून जातोच. टेक्सासमध्ये बजावणी जमत नसेल तर न्यायाधीश पर्यायी मार्गाला परवानगी देऊ शकतात, आणि २०२० च्या अखेरीला बदललेल्या नियमाप्रमाणे त्यात ईमेल आणि सोशल मीडियाही बसतात. टाळून वेळ मिळत नाही. टाळण्यात हातातले दिवस जातात. घरी तुमचे किंवा मिस्टरांचे आईवडील राहायला आलेले असतील तर त्यांनाही सांगून ठेवा, की कुणी कागद दिले तर घाबरायचं नाही, घ्यायचे, आणि त्याच दिवशी फोन करायचा. असे कागद दिवाळीच्या किराणा यादीसोबत फ्रिजवर चुंबकाखाली तीन आठवडे राहिलेले मी पाहिले आहेत.

समजा शोधल्यावर एकतर्फी निकाल लागून गेल्याचं दिसलं, तरी हातपाय गाळू नका, पण त्याच दिवशी वकील गाठा. जस्टिस कोर्टाचा निकाल असेल तर त्यावर सही झाल्यापासून १४ दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो आणि २१ दिवसांत काउंटी कोर्टाकडे अपील. तिथे केस पहिल्यापासून चालते. वरच्या कोर्टांत निकालावर सही झाल्यापासून ३० दिवसांत नव्याने सुनावणी मागता येते. त्यासाठीची कसोटी टेक्सासमध्ये १९३९ पासून, क्रॅडॉक नावाच्या खटल्यापासून, ठरलेली आहे: उत्तर न देणं जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने झालेलं नसावं, तुमच्याकडे बचावाचा खरा मुद्दा असावा, आणि निकाल उघडल्याने समोरच्याचं नुकसान होऊ नये. बचावाचा मुद्दा तुमच्याकडे असेल असं मला वाटतं. टेक्सासच्या मालमत्ता कायद्यात भाडेकरूने जागा लवकर सोडली तर मालकानेही नुकसान कमी करण्याचा प्रयत्न करायला हवा असं आहे. तुम्ही गेल्यावर ते गोडाऊन किती दिवसांत दुसऱ्याला गेलं, याची चौकशी करून ठेवा. शेजारच्या दुकानदारांना ठाऊक असतं. मुदती उलटून गेल्या आणि समोरच्याने बँकेकडे गार्निशमेंट, म्हणजे कोर्टामार्फत खात्यावर जप्ती, लावलं, तर तुमच्या धंद्याचं खातं गोठेल, आणि नवरात्राच्या तोंडावर पुण्याला पैसे पाठवायचे तर खात्यातून निघणार नाहीत.

याच कारणाने मी इतकी आग्रहाने लिहिते आहे. माझी स्वतःची छोटी कंपनी होती, तेव्हा टेक्सासच्या नोंदीत एजंट म्हणून मी माझंच नाव आणि घरचा पत्ता घातला होता. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला सहा आठवडे गेले. घरी मिस्टर होते, पण ते दिवसभर कामावर. एका पुरवठादाराशी बिलावरून वाद चालू होता, तो मी विसरूनही गेले होते. परत आले तेव्हा कोर्टाचं पत्र पेटीत पडलं होतं आणि निकाल माझ्याविरुद्ध लागला होता. तो उघडून घ्यायला जेवढा वकील लागला, तेवढ्यात मूळ बिल दोनदा भरून झालं असतं. तुमच्याही पुण्याच्या खरेदीच्या फेऱ्या होत असणार. तेव्हा स्वतःच एजंट राहायचं की नाही, हे त्या कॅलेंडरकडे बघून ठरवा.

आता टेक्सासचा पत्ता दुरुस्त करू या. केस असो वा नसो, हे याच आठवड्यात. फॉर्म ४०१, रजिस्टर्ड एजंट किंवा नोंदणीकृत पत्ता बदलण्याचा, एलएलसीला १५ डॉलर. ऑनलाइन भरता येतो. पंधरा डॉलरचं काम दोन वर्षं राहिलं कसं, तेही मला माहीत आहे, कारण बहुतेकांचं असंच राहतं. तुम्ही पोस्टात पत्ता बदलला असेल, तर पत्रं साधारण वर्षभर नव्या घरी येत राहिली आणि सगळं ठीक वाटलं. पण समन्स घेऊन येणाऱ्या माणसाला पोस्टाचं फॉरवर्डिंग लागू नसतं. शिवाय दर वर्षी १५ मेपर्यंत कंट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या कर खात्याकडे, जो पब्लिक इन्फर्मेशन रिपोर्ट जातो, त्यात सीपीएंनी नवा पत्ता घातला असेल. लोक समजतात झालं. कंट्रोलर वेगळे, सेक्रेटरी ऑफ स्टेट वेगळे. त्या रिपोर्टवरून एजंटचा पत्ता बदलत नाही. त्यासाठी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडेच स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

एजंट कोण होऊ शकतो, याचे टेक्सासचे नियम तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेले आहेत. टेक्सासमध्ये राहणारी व्यक्ती चालते, टेक्सासमध्ये धंदा करायला परवानगी असलेली संस्था चालते, पण कंपनी स्वतःचीच एजंट होऊ शकत नाही. ज्याला नेमता त्याची लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक संमती आधी घेतलेली हवी. २०१० पासून हे बंधन आहे. ती संमती कुठे जमा करायची नसते, पण कंपनीच्या फाइलमध्ये असू द्या. पत्ता रस्त्यावरचा हवा, कामाच्या वेळात तिथे माणूस भेटायला हवा. पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि नुसती मेलबॉक्स भाड्याने देणारी जागाही चालत नाही. घरचा पत्ता लपवायला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला मेलबॉक्स घ्यायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, तो घेऊ नका.

घरचा पत्ता खरंच टाळायचा असेल तर टेक्सासमध्ये व्यावसायिक एजंट नेमा. अशा सेवेची वर्षाची फी साधारण ५० ते ३०० डॉलरच्या दरम्यान असते. नोंदीत त्यांचा पत्ता येतो, तुमचा नाही. मात्र पूर्ण पडदा मिळेल असं समजू नका. पब्लिक इन्फर्मेशन रिपोर्टमध्ये एलएलसीच्या मॅनेजर किंवा सदस्यांची नावं आणि टपालाचा पत्ता जातो, आणि तोही लोकांना पाहता येतो. तिथे टपालासाठी दुसरा पत्ता दिलात तर चालतं, म्हणून ते सीपीएंशी बोलून एकदमच बदला. एकट्या राहणाऱ्या किंवा घरातून धंदा करणाऱ्या बायकांना मी हा खर्च करायलाच सांगते. ग्राहक भांडून दारात येऊन उभा राहिला, असं घडलेलं आहे.

डेलावेअरकडे वळते. थकलेल्या फीची ईमेल खरी असावी, पण त्यातल्या लिंकवर पैसे भरू नका. एजंटचं नाव डेलावेअरच्या नोंदीत आहे त्याच कंपनीचं आहे का, ते डेलावेअरच्या सरकारी शोधात पाहा, मग स्वतः त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन भरा. पहिलं वर्ष फुकट होतं, नंतरच्या बिलांच्या ईमेल जाहिरातींच्या ढिगात गेल्या असणार. फी न भरता तसंच सोडलंत तर एजंट राजीनाम्याचा दाखला दाखल करू शकतो. त्यानंतर ३० दिवसांत नवा एजंट नेमला नाही तर डेलावेअर तुमच्या एलएलसीची स्थापनाच रद्द करतं. मूळ कंपनीच गेली तर तिची टेक्सासमधली नोंदणी कशावर उभी राहणार? म्हणून हे बिल अवाजवी वाटलं तरी याच आठवड्यात भरा, एजंट बदलायचा तो नंतर बदला.

त्याच्याबरोबर दुसरी गोष्ट तपासा. डेलावेअर एलएलसीकडून दर वर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर घेतं, धंदा तिथे एक पैशाचा न करताही. उशीर झाला तर २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. याची आठवण सहसा एजंटमार्फतच येते, आणि तुम्ही एजंटच्या ईमेल पाहत नव्हता. २०२१ ची कंपनी, म्हणजे पहिले ३०० डॉलर १ जून २०२२ ला द्यायचे होते. तीन वर्षं न भरल्यास नोंदणी रद्द होते. एजंटकडे संपर्कासाठी एका खऱ्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन देणं हेही डेलावेअरचं बंधन आहे. तिथे जुना फोन असेल तर तोही बदलून घ्या.

मावसभावाचं नाव? कायद्याने चालेल. डेलावेअरमध्ये राहणारी, त्या पत्त्यावर पुरेशी हजर असणारी व्यक्ती एजंट होऊ शकते. माझा सल्ला मात्र स्पष्ट नाही असा आहे. तो नोकरी करतो ना? दिवसा घरी कोण असतं? डिसेंबरात तो भारतात जाणार, उद्या नोकरी बदलून व्हर्जिनियाला जाणार, आणि राज्य सोडलं की तो एजंट राहूच शकत नाही. त्याच्याकडून एक पाकीट राहून गेलं आणि तुमच्यावर निकाल लागला, तर नुकसान पैशाचं होईल आणि मावशीच्या घरी जाणंही अवघड होईल. वर्षाला शंभरेक डॉलर वाचवायला भावाच्या डोक्यावर हे ओझं ठेवू नका. त्याला दिवाळीला बोलवा.

आता खरं विचाराल, तर डेलावेअर तुम्हाला हवंच कशाला? विल्मिंग्टनमध्ये १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका साध्या इमारतीच्या पत्त्यावर लाखो कंपन्या नोंदलेल्या आहेत, कारण तो एका मोठ्या एजंट कंपनीचा पत्ता आहे. मोठ्या कंपन्या तिथे जातात, कारण १७९२ पासून चालत आलेलं कोर्ट ऑफ चॅन्सरी कंपन्यांचे वाद जाणकारीने चालवतं आणि गुंतवणूकदारांना तो कायदा ओळखीचा असतो. तुमचे गुंतवणूकदार म्हणजे तुम्ही आणि मिस्टर. माल टेक्सासमध्ये, विक्री टेक्सासमधून, टॅक्सही टेक्सासलाच. 'टॅक्स लागत नाही' याचा अर्थ इतकाच, की जो धंदा डेलावेअरमध्ये होत नाही त्यावर डेलावेअर आयकर मागत नाही. टेक्सासचं देणं त्यामुळे एक पैशाने कमी होत नाही. उलट टेक्सासमध्ये बाहेरची एलएलसी म्हणून नोंदायला तुम्ही ७५० डॉलर भरलेत. इथलीच एलएलसी काढली असती तर ३०० लागले असते. आता डेलावेअरची कंपनी टेक्सासची करून घेता येते, त्याला रूपांतर म्हणतात, आणि मग एकच राज्य, एकच एजंट. पण हे त्या दाव्याचा उलगडा झाल्यावरच करा. दावा डोक्यावर असताना कंपनीचं रूप बदलणं वकिलाला विचारल्याशिवाय नको.

काही जण विचारतात, मग टेक्सासमध्ये नोंदलंच नसतं तर? तुमच्या सीपीएंनी तुम्हाला योग्य तेच करायला लावलं. नोंदणीशिवाय धंदा करणाऱ्या बाहेरच्या एलएलसीला टेक्सासच्या कोर्टात स्वतःच्या धंद्यासाठी दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र दावा लावता येतो. एखाद्या बुटीकने तुमचे आठ हजार बुडवले असते तर तुम्हाला आधी नोंदणी करून, मागचं सगळं देणं भरून, मगच कोर्टात जाता आलं असतं. न्यू जर्सीच्या ग्राहकाला पार्सलने साडी पाठवली म्हणून तिथे नोंदणी आणि एजंट लागत नाही, ही काळजी करू नका. पण तिथे गोडाऊन घेतलंत किंवा पगारी माणूस ठेवलात तर लागेल. सेल्स टॅक्सचे नियम याहून वेगळे. मराठी अधिवेशनात तीन दिवसांचा स्टॉल लावायचा असला तरी तिथला सेल्स टॅक्स आधी विचारा.

आणि तुमच्या भावाला सांगा, हे अमेरिकेचंच खूळ नाही. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे भारतातल्या प्रत्येक कंपनीला स्थापनेपासून ३० दिवसांत सरकारी पत्रं, नोटिसा स्वीकारता येतील असं नोंदणीकृत कार्यालय लागतं आणि नाव-पत्त्याची पाटी बाहेर लावावी लागते. उद्या तुमच्या या एलएलसीच्या नावानेच पुण्यात खरेदीचं ऑफिस उघडलंत, तर कलम ३८० प्रमाणे ३० दिवसांत भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीचं नाव द्यावं लागेल, जी कंपनीच्या वतीने नोटिसा घेईल. ते नाव भावाचंच असणार. त्याला आधी विचारा.

राहिलं ते सरकारी दिसणारं पत्र. त्याचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही, पण अशी पत्रं मी शेकड्याने पाहिली आहेत. गरुडाचं चित्र, जाड अक्षरात शेवटची तारीख, आणि खाली बारीक अक्षरात 'आम्ही सरकारी खातं नाही' अशी ओळ. ती ओळ शोधा. कंपन्यांची नावं-पत्ते सार्वजनिक असतात, त्यावरून ही पत्रं छापली जातात. डेलावेअर एलएलसीकडून वार्षिक अहवाल मागतच नाही, फक्त तो १ जूनचा कर. तेव्हा 'डेलावेअर एलएलसी वार्षिक अहवाल' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर ते पत्र सरळ बाजूला ठेवा. मालकीची माहिती केंद्र सरकारला द्या, नाहीतर रोजचा दंड, असं सांगणारी पत्रंही अजून फिरतात. मार्च २०२५ मध्ये फिनसेनने, म्हणजे ही माहिती घेणाऱ्या केंद्राच्या अर्थखात्यातल्या विभागाने, अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्या बंधनातून वगळलं आहे. पैसे भरण्याआधी सीपीएंना फोटो पाठवा. पण उघडून वाचल्याशिवाय एकही पाकीट फेकू नका, कारण कोर्टाचं पाकीट अनेकदा याच पत्रांसारखं दिसतं.

जुन्या शेजारणींचा फोन नंबर असेल तर आज संध्याकाळीच त्यांना विचारा: तो माणूस कुठल्या तारखांना आला होता, कार्ड किंवा चिठ्ठी ठेवून गेला का, दारावर काही चिकटवलं होतं का. असेल तर फोटो मागवा. त्या चिठ्ठीवर केसचा नंबर किंवा निदान त्याचा फोन मिळेल. त्याला स्वतः फोन करा, नवा पत्ता सांगा, कागद घ्या, आणि मिळाल्याची तारीख पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. वकिलाला सगळ्यात आधी तीच लागेल.